सहाशे भागिले मिनिटं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही ठरवून दिला आहे. शाळेच्या जुन्या स्नेहसंमेलनांच्या चार व्हिडिओ कॅसेट सापडल्या, त्यांचं काय करायचं? चारही मिळून आठ तासांचं चित्रण आहे. गेले दोन महिने ग्रुपवर एकच आग्रह चालू आहे, "सगळं एका डीव्हीडीत बसव की. तुझा तर धंदाच आहे तो." मी नाही म्हणतोय. का नाही म्हणतोय ते आज सगळ्यांसमोर सांगतो, म्हणजे फोनवर एकेकाला सांगायला नको.

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा झाला, त्याच वर्षी मी व्हिडिओ शूटिंगचं दुकान टाकलं. लग्न, बारसं, दसऱ्याची गर्दी, सगळं शूट केलं. पण नंतरच्या काळात माझ्याकडे सगळ्यात जास्त काम आलं ते जुन्या कॅसेट सीडी-डीव्हीडीवर उतरवण्याचं. आणि त्यात लग्नांइतक्याच कॅसेट असायच्या मालिकांच्या. टीव्हीवरून घरीच रेकॉर्ड केलेल्या.

तुम्हाला तो काळ आठवतोय. 25 जानेवारी 1987 ला दूरदर्शनवर रामायण सुरू झालं आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडायला लागले. मग 2 ऑक्टोबर 1988 पासून 24 जून 1990 पर्यंत महाभारत. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी अख्खी गल्ली. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी. आणि ज्याच्या घरी व्हीसीआर, तो तर गावचा राजाच. अशा मोजक्या घरांमध्ये ही मालिका कॅसेटवर साठवली गेली.

आपल्याच भागातले एक काका एकदा दोन पोती घेऊन दुकानात आले. पोत्यांत 24 कॅसेट. महाभारताचे 94 भाग, एकेक साधारण 45 मिनिटांचा, तीन तासांच्या एका कॅसेटवर चार. एकही भाग चुकवलेला नाही. "बाबा, पोरं अमेरिकेला चाललीत. हे सगळं बसवून दे, पण चित्र खराब होऊ देऊ नको. आणि दहाच्या वर डिस्क करू नको, बॅगेत जागा नाही." माझ्या धंद्यातला सगळा पेच त्या एका वाक्यात आहे. कमी डिस्क पाहिजेत, आणि चित्रही चांगलं पाहिजे.

गणिताचे सर समोर बसले आहेत, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगतो. सर, तुमचा हौद आणि नळ. डिस्क म्हणजे हौद. त्यातलं पाणी ठरलेलं आहे, एका साध्या डीव्हीडीत 4.7 अब्ज बाइट, त्याच्या वर एक थेंब नाही. सिनेमा चालतो तेव्हा त्या हौदातून नळाने पाणी वाहतं. नळ मोठा सोडला तर चित्र स्वच्छ, पण हौद लवकर रिकामा. नळ बारीक केला तर हौद पुष्कळ वेळ पुरतो, पण चित्राला पाणी कमी पडतं. दर सेकंदाला किती माहिती वाहते, त्याला आम्ही बिटरेट म्हणतो. ती मेगाबिटमध्ये मोजतात.

आता हिशेब. डिस्कची बाहेरची कड कधी काठोकाठ भरू नये, तिथेच चुका जास्त होतात. थोडी जागा सोडली की हातात साधारण 4.5 अब्ज बाइट राहतात. आठने गुणा, 36,000 मेगाबिट. मिनिटाचे सेकंद 60. म्हणजे सहाशेला एकूण मिनिटांनी भागायचं, आलेला आकडा म्हणजे दर सेकंदाचे मेगाबिट. दुकानाच्या भिंतीवर मी हे खडूने लिहून ठेवलं होतं: सहाशे भागिले मिनिटं. दोन तासांचा सिनेमा असेल तर पाच. उत्तम. तीन तास असतील तर 3.33. जमतं, पण काळजीने. काकांना दहा डिस्क पाहिजे होत्या, म्हणजे एका डिस्कवर नऊ-दहा भाग, साडेचारशे मिनिटं. सहाशे भागिले साडेचारशे, 1.33.

हा 1.33 म्हणजे काय, तर जुन्या व्हीसीडीचा दर्जा. व्हीसीडीत चित्राला सेकंदाला 1.15 मेगाबिट मिळायचे आणि चित्र असायचं 352 बाय 288 ठिपक्यांचं. डीव्हीडीचं पूर्ण चित्र 720 बाय 576 चं, म्हणजे चौपटीहून जास्त ठिपके. एका सीडीवर 74 ते 80 मिनिटं मावायची, म्हणून तर तीन तासांचा हिंदी सिनेमा दोन-तीन सीडीत यायचा आणि ऐन मारामारीत उठून सीडी बदलावी लागायची. ती व्हीसीडी आठवा. हिरो उभा असला तर ठीक. पळायला लागला की त्याचे चौकोन-चौकोन व्हायचे.

ते चौकोन का होतात? टीव्हीवर सेकंदाला 25 चित्रं जातात. प्रत्येक चित्र पूर्ण साठवायला जागा नाही, म्हणून यंत्र एक चित्र पूर्ण ठेवतं आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच लिहितं. बातम्या सांगणाऱ्या बाई नुसत्या बोलत असल्या तर बदल थोडा. पण कुरुक्षेत्रावर धूळ उडाली, बाण सुटले, पाणी वाहिलं, गर्दी हलली, की प्रत्येक ठिपका बदलतो. लिहायचं खूप आणि पाणी बारीक. मग यंत्र बारीकसारीक तपशील सोडून देतं. आधी गवत जातं, मग कपड्यांवरची नक्षी, आणि मग दूर उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे.

हे शेवटचं लक्षात ठेवा. त्यावर मी पुन्हा येणार आहे.

काकांना मी दहाऐवजी 24 डिस्क सांगितल्या. चार भागांची एक. ते चिडले. मी त्यांना तोच एक भाग दोन्ही प्रकारे करून दाखवला, आणि ते गप्प झाले. पण 24 डिस्कवरही 3.33 च मिळतात, ते पुरवायला कसब लागतं. ते कसब काय, थोडक्यात सांगतो. तुमच्या घरी अशा कॅसेट असतील तर कामाला येईल.

पहिली गोष्ट आवाज. आवाज तसाच न दाबता ठेवला तर तो सेकंदाला दीड मेगाबिट खातो. 3.33 मधले दीड गेले, चित्राला राहिलं काय? 1.8. तोच आवाज डॉल्बीच्या पद्धतीने 0.2 मध्ये चांगला बसतो. कॅसेटवरच्या आवाजाला तेवढं भरपूर आहे. नुसत्या एवढ्या एका निवडीने चित्राला 1.8 ऐवजी 3.1 मिळतात. कितीतरी दुकानांत हेच होत नव्हतं, आणि लोक म्हणायचे कॅसेटच खराब आहे.

दुसरी गोष्ट चित्राचा आकार. व्हीएचएस कॅसेटवर आडव्या दिशेने साधारण 240 रेषांइतकाच तपशील असतो. तो 720 ठिपक्यांवर ताणून काही वाढत नाही. डीव्हीडीच्या नियमांतच 352 बाय 576 असा अर्धा आकार मान्य आहे. ठिपके निम्मे, म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला पाणी दुप्पट. टीव्हीवर बघताना कॅसेटच्या चित्रात फरक कळतही नाही, आणि चौकोन गायब होतात. उभे ठिपके मात्र 576 च ठेवायचे. टीव्हीचं प्रत्येक चित्र दोन अर्ध्या फेऱ्यांत येतं, एक आड एक रेषा. उभी उंची निम्मी केली तर त्यातली एक फेरी जाते, आणि हालचाल अडखळायला लागते.

तिसरी गोष्ट, नळ सगळीकडे सारखा सोडायचा नाही. यंत्राला पूर्ण भाग दोनदा बघायला लावायचा. पहिल्या फेरीत ते फक्त नोंद करतं की कुठे गर्दी आहे, कुठे शांत आहे. दुसऱ्या फेरीत राजसभेतल्या संथ प्रसंगाचं उरलेलं पाणी युद्धाला देतं. एकूण हौद तेवढाच, वाटणी शहाणपणाची. वेळ दुप्पट लागतो. तेव्हाच्या संगणकावर एका डिस्कला रात्र जायची, आणि मध्येच लोडशेडिंग झालं तर पुन्हा पहिल्यापासून.

चौथी गोष्ट घाण. कॅसेटवर जी मुंग्यांसारखी खरखर दिसते, ती यंत्राला हालचालच वाटते. तिच्यावरही ते पाणी खर्च करतं. म्हणून आधी हेड साफ करायचं, कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून सैल करायची, मग खरखर थोडीशी कमी करायची. थोडीशीच. जास्त पुसलं की माणसं मेणाची दिसतात. चित्राच्या तळाशी एक फाटकी पट्टी असते, तिच्यावर काळा रंग टाकायचा. काळ्याला जवळजवळ जागाच लागत नाही.

आणि पाचवी गोष्ट काय कापायचं. सगळे म्हणायचे जाहिराती काप. मी कापत होतो, डिस्कमधून. पण मूळ फाइलमध्ये ठेवत होतो. आज तीच मंडळी त्या जाहिराती बघायला मागतात. तेव्हाची साबणाची जाहिरात लागली की घरातली पन्नाशीची माणसं आपोआप सुरात म्हणायला लागतात. काय टाकाऊ आहे, ते आपण ज्या दिवशी ठरवतो त्या दिवशी आपल्याला पक्कं माहीत नसतं.

याचा सगळ्यात मोठा पुरावा मला सेनगाव तालुक्यातल्या एका घराने दिला. कॅसेटवर लिहिलेलं, महाभारत, 41 ते 44. मुलगा म्हणाला, चार भाग झाले की बंद करा. मी कॅसेट नेहमी शेवटपर्यंत चालवतो. चव्वेचाळिसावा भाग संपला, पडद्यावर मुंग्या आल्या, आणि मग अचानक एक अंगण दिसलं. कुणाचं तरी बारसं. ही मालिका त्या जुन्या चित्रणावर रेकॉर्ड केलेली होती, आणि शेवटची थोडीशी फीत वाचली होती. त्यात फेटा बांधलेले एक आजोबा पाळण्याजवळ वाकून काहीतरी बोलतात. चाळीस सेकंद. मुलाला बोलावलं. त्याने बघितलं आणि म्हणाला, "हे माझे आजोबा. यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता." पाळण्यातलं बाळ तोच होता.

म्हणून माझा नियम आहे. लेबल काहीही असो, कॅसेट दोन्ही टोकांपर्यंत बघायची.

ही फक्त आपल्यासारख्यांची गोष्ट नाही. इंग्लंडच्या बीबीसीकडे 'डॉक्टर हू' नावाची मालिका होती. साठ-सत्तरच्या दशकांत त्यांनी टेपा महाग म्हणून पुसून पुन्हा वापरल्या. त्या मालिकेचे नव्वदहून अधिक भाग असे गेले. पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण प्रेक्षकांनी घरी बसून टीव्हीवरून तो टेप केला होता. एवढ्या मोठ्या संस्थेने जे गमावलं, ते घरातल्या हौशी माणसांनी राखलं. उलट आपल्याकडे मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने रामायण आणि महाभारत पुन्हा दाखवलं, आणि नातवंडांनी ते आजी-आजोबांच्या शेजारी बसून बघितलं. मूळ जपून ठेवलेलं होतं म्हणून ते दाखवता आलं.

एक गोष्ट स्पष्ट करतो. मालिका ही ज्याने बनवली त्याची मालमत्ता आहे. घरच्या कॅसेटची घरापुरती प्रत करणं वेगळं, आणि प्रती काढून विकणं वेगळं. दुसरं काम मी केलं नाही. ज्या मालिकेचा अधिकृत संच बाजारात होता, तो घ्या असंच मी सांगत आलो. त्याचं चित्र आमच्या कॅसेटपेक्षा चांगलंच असणार, कारण तो मूळ प्रतीवरून केलेला असतो. पण आजोबांच्या बारशाच्या चित्रणाचा संच बाजारात मिळत नाही. आणि आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचाही मिळत नाही.

तर आता आपल्या चार कॅसेट. आठ तास म्हणजे 480 मिनिटं. सहाशे भागिले 480, सर, किती? 1.25. व्हीसीडीएवढं. आणि आपल्या स्नेहसंमेलनाचं शूटिंग कसं आहे ते मी बघितलंय. कॅमेरा मैदानाच्या मागच्या टोकाला, स्टूलावर. रंगमंच लांब. मुलं लहान-लहान. मध्येच कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरतो, तिथे पालक बसलेत, सतरंजीवर खालच्या वर्गातली मुलं. शाळेचे शिपाईमामा घंटेजवळ उभे आहेत. नाटकात ज्याने म्हातारा केला होता, तो आपला मित्र आज आपल्यात नाही. मराठीच्या बाई सूत्रसंचालन करताहेत, त्याही आता नाहीत. हे सगळे लांबचे, छोटे, हलणारे चेहरे आहेत. मघाशी मी म्हणालो, पाणी कमी पडलं की यंत्र आधी काय सोडून देतं. तेच.

एका डिस्कवर बसवलं तर आठ तास मावतील. माणसं मावणार नाहीत.

कुणीतरी सुचवलं की बक्षीस समारंभ काप, पाहुण्यांचं भाषण काप, नाच तेवढे ठेव. बक्षीस समारंभ मी पूर्ण बघितला. प्रत्येक मुलगा स्टेजवर येतो, वाकून नमस्कार करतो, बक्षीस घेतो, कॅमेऱ्याकडे बघतो. जो नाचात नव्हता, नाटकात नव्हता, ज्याचा गटाच्या फोटोतही चेहरा झाकला गेलाय, तो तिथे एकटा दिसतो. तीन-तीन सेकंद. ते मी कापणार नाही.

म्हणून मी असं केलंय. ज्यांच्या घरी डीव्हीडी प्लेअर आहे, विशेषतः आपले निवृत्त सर आणि बाई, त्यांच्यासाठी तीन डिस्कचा संच. एका डिस्कवर 160 मिनिटं, सेकंदाला पावणेचार मेगाबिट, त्यातले 0.2 आवाजाला. रिकाम्या मुंग्या सोडल्या तर काहीही कापलेलं नाही. फोनवर बघणाऱ्यांसाठी पेनड्राइव्हवर नव्या पद्धतीच्या फाइल. ही नवी पद्धत तेवढ्याच दर्जाला साधारण निम्मी जागा घेते. पण कृपा करून त्या व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पुढे ढकलू नका. ते पुन्हा दाबतं. दाबलेलं पुन्हा दाबलं की दर वेळी थोडं-थोडं जातं, आणि गेलेलं परत येत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं.

तिसरी प्रत सगळ्यात महत्त्वाची. कॅसेटवरून उतरवलेली मोठी फाइल, फारशी न दाबलेली. तासाला 13 जीबी, म्हणजे आठ तासांना साधारण 104. एके काळी हे परवडायचं नाही. आज 128 जीबीच्या पेनड्राइव्हवर बसतं. त्या काकांचं अख्खं महाभारत, साडेसत्तर तास, आज एक टीबीच्या डिस्कवर मोठ्या दर्जात मावेल. जागेची जी मारामारी आम्ही वीस वर्षं केली, ती संपली आहे. आता मारामारी वेळेशी आहे.

कारण कॅसेट थांबणार नाहीत. आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी, पावसाळ्यात ओल. फितीवर पांढरी बुरशी चढते. अशी कॅसेट चुकूनही चालवू नका, ती फीत तर जातेच, व्हीसीआरही बिघडवते. आणि व्हीसीआर तरी कुठून आणणार? जपानच्या फुनाई कंपनीने जुलै 2016 मध्ये नवे व्हीसीआर बनवणं थांबवलं. सोनीने फेब्रुवारी 2025 मध्ये घरी लिहायच्या ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं. माझ्याकडे दोन व्हीसीआर चालू आहेत, तिसऱ्याचे सुटे भाग त्यांना लावतो.

डिस्कही अमर नाही. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. वर कागदी लेबल चिकटवू नका. सीडीची वरची, नाव लिहायची बाजू सगळ्यात नाजूक असते, तिथे बॉलपेनने कोरू नका. आणि प्रत एकच ठेवू नका. दोन प्रती, दोन घरांत, आणि दर चार-पाच वर्षांनी एकदा लावून बघायची.

शाळेच्या मोठ्या फाइलच्या दोन प्रती मी केल्या आहेत. एक आज मुख्याध्यापकांच्या हाती देतो, एक समितीकडे राहील. आता माझी विनंती. आपल्या बॅचच्या आधीच्या आणि नंतरच्या संमेलनांच्या कॅसेट कुणाच्या तरी माळ्यावर, कुणाच्या तरी लोखंडी कपाटात नक्की आहेत. लेबलवर शाळेचं नाव नसेल. 'महाभारत' असेल, 'ताईचं लग्न' असेल, काहीच नसेल. तरी आणा. चालवून बघू नका, पुसू नका, तशाच आणा. बाहेर नोंदवही ठेवली आहे, त्यात नाव, गाव आणि कॅसेटची संख्या लिहा. पैसे घेणार नाही. एवढंच कबूल करतो की प्रत्येक कॅसेट दोन्ही टोकांपर्यंत बघेन, आणि जे सापडेल ते सगळं परत देईन.

संच बाहेरच्या टेबलावर आहेत. गुरुजनांनी आधी घ्यावेत.